फॅरोच्या थडग्यातल्या वस्तू शोधताना : इजिप्तवर आधारलेला ‘हिडन ऑब्जेक्ट’ खेळ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

संगणकाच्या पडद्यावर एका थडग्यातली खोली दिसते. भिंतींवर रंगीत चित्रे आहेत, कोपऱ्यात मडकी आणि पेट्या रचलेल्या आहेत, जमिनीवर वाळू पसरली आहे, आणि खालच्या पट्टीत दहा-बारा वस्तूंची नावे लिहिलेली आहेत. त्या वस्तू याच चित्रात कुठेतरी दडवलेल्या असतात. त्या शोधून त्यांवर क्लिक करायचे, यादी संपली की कथा पुढे सरकते. ‘हिडन ऑब्जेक्ट’ म्हणजेच वस्तुशोधाच्या खेळांचे मूळ रूप एवढेच आहे. २००५ साली आलेल्या ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ या खेळानंतर हा प्रकार संगणकावर फार लोकप्रिय झाला, आणि गुप्तहेर, भुताचा वाडा, बुडालेले जहाज या विषयांबरोबरच प्राचीन इजिप्त हा त्याचा आवडता विषय ठरला.

नवख्या माणसाला वाटते की या खेळाला तीक्ष्ण नजर लागते. माझा अनुभव वेगळा आहे. डोळे बहुधा पुरेसे चांगले असतात; अडते ते वस्तूची ओळख नसल्यामुळे. यादीत ‘जेड पिलर’ असे लिहिलेले असेल आणि तो खांब कसा दिसतो हेच ठाऊक नसेल, तर तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. म्हणून या लेखात खेळाच्या पायऱ्या तर सांगितल्याच आहेत, पण सर्वांत जास्त जागा इजिप्तच्या वस्तूंच्या ओळखीला दिली आहे.

खेळ सुरू करण्यापूर्वी

सर्वप्रथम खेळ आपल्या संगणकावर नीट चालतो की नाही ते पाहावे. इजिप्तच्या विषयावरचे कितीतरी जुने खेळ ब्राउझरमध्ये फ्लॅश नावाच्या जोड-प्रणालीवर चालत असत. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला, त्यामुळे अशा खेळाच्या पानावर आता नुसती रिकामी चौकट दिसली तर दोष आपल्या संगणकाचा नाही. डाउनलोड करून खेळायचा जुना खेळ नव्या विंडोजवर उघडत नसेल, तर त्याच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे, तिथे ‘कम्पॅटिबिलिटी’ या भागात जुन्या विंडोजची निवड करावी आणि पुन्हा उघडून पाहावे. बऱ्याचदा एवढ्याने काम होते. मॅक वापरणाऱ्यांनी खेळ विकत घेण्याआधी तो ६४-बिट आहे का हे अवश्य तपासावे, कारण २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर ३२-बिट खेळ चालत नाहीत. खेळ विकत घेण्याआधी मर्यादित वेळ फुकट खेळून पाहण्याची सोय असेल तर ती वापरावी, म्हणजे चित्रे आपल्या डोळ्यांना झेपतात की नाही ते कळते.

खेळ उघडल्यावर तो आधी खेळाडूचे नाव विचारतो. घरात दोघे-तिघे खेळणार असतील तर प्रत्येकाचे नाव वेगळे नोंदवावे, नाहीतर एकाची प्रगती दुसऱ्याच्या हातून पुसली जाते. त्यानंतर अवघडपणाची पातळी निवडायची असते. पहिल्या खेळासाठी निःसंकोचपणे सर्वांत सोपी, म्हणजे बहुधा ‘कॅज्युअल’ नावाची पातळी निवडावी. तीत घड्याळ नसते, हिंट (अडल्यावर एखादी वस्तू दाखवून देणारे मदतीचे बटण) लवकर भरते आणि जिथे काही करण्यासारखे आहे ती जागा चमकून दाखवली जाते.

सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी आवर्जून बघाव्यात. रुंद पडद्यावर जुने चित्र ओढून ताणले जाते आणि गोल वस्तू लांबट दिसू लागतात. ‘वाइडस्क्रीन’चा पर्याय बदलून चित्र मूळ प्रमाणात आणावे, कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या तरी चालतील. दुसरी गोष्ट म्हणजे उजेड. थडग्याची दृश्ये मुळातच अंधारी असतात, त्यामुळे पडद्याचा उजेड नेहमीपेक्षा थोडा वाढवावा आणि खिडकीचे प्रतिबिंब पडद्यावर पडणार नाही अशा जागी बसावे.

पहिले दृश्य

दृश्य उघडले की लगेच क्लिक करू नये. आधी यादी शेवटपर्यंत वाचावी, मग सबंध चित्रावरून एकदा सावकाश नजर फिरवावी आणि त्यानंतरच माउसला हात लावावा. उगाच इकडेतिकडे भराभर क्लिक केले तर अनेक खेळ दंड करतात : कर्सर काही क्षण अडकतो, गरगरतो किंवा गुण कापले जातात.

यादीतली काही नावे वेगळ्या रंगात असतात. ती वस्तू चित्रात तयार स्थितीत मिळत नाही, काहीतरी करून ती मिळवावी लागते. पेटी उघडावी लागते, पडदा बाजूला सारावा लागतो, किंवा दिव्यात वात घालून ती पेटवावी लागते. चित्रावरून माउस फिरवताना कर्सरचा आकार बदलतो, तिकडेही लक्ष ठेवावे. भिंग दिसले तर तो भाग मोठा करून पाहता येतो, हात दिसला तर वस्तू उचलता येते, बाण दिसला तर दुसऱ्या दालनात जाता येते. उचललेल्या वस्तू खालच्या पट्टीत साठतात आणि पुढे कुठेतरी वापरायला लागतात.

आता शोधण्याची पद्धत. माझ्या आईला मी हा खेळ पहिल्यांदा दाखवला, तेव्हा तिने आयुष्यात संगणकावर एकही खेळ खेळलेला नव्हता. तरी पाऊण तासात ती माझ्यापेक्षा कमी हिंट घेऊन दृश्य संपवू लागली. ती काय करते ते मी बाजूला बसून पाहिले. ती तांदूळ निवडत होती. ताटाच्या एका कडेला तांदळाचा ढीग करायचा, त्यातले मूठभर दाणे बोटांनी अलगद पुढे ओढून पसरायचे, त्यांवरून नजर एकदाच नीट फिरवायची, खडा दिसला की उचलायचा आणि तेवढा भाग पलीकडे सारून नवे दाणे ओढायचे, ही तिची रोजची रीत. पडद्यावरही ती वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून चार बोटे रुंदीचा एकेक भाग बघत होती आणि पाहून झालेल्या भागाकडे वळत नव्हती. नवख्या माणसाने हीच पद्धत धरावी. चित्राचे मनातल्या मनात सहा किंवा आठ भाग पाडावेत, एका भागात यादीतले जे जे असेल ते सगळे काढावे आणि मगच पुढे जावे. एकाच वस्तूच्या मागे लागून सबंध पडदाभर नजर भिरभिरू दिली की डोळे दमतात आणि हाती काही लागत नाही.

वस्तू लपवण्याच्या युक्त्या ठरावीक असतात. वस्तूला मागच्या पृष्ठभागाचा रंग दिला जातो, ती उलटी किंवा आडवी ठेवली जाते, तिचा अर्धा भाग दुसऱ्या वस्तूच्या आड असतो, किंवा तिचे प्रमाण बदललेले असते. उंट सुपारीएवढा आणि बांगडी परातीएवढी असू शकते. त्यामुळे रंग आणि आकारमान सोडून द्यावे आणि बाह्यरेषेवर लक्ष ठेवावे. खऱ्या पार्श्वभूमीतल्या वस्तूची सावली चित्रातल्या दिव्याच्या उलट बाजूला पडते. नंतर चिकटवलेल्या वस्तूची सावली पुष्कळदा चुकीच्या बाजूला असते किंवा नसतेच, आणि ही खूण ओळखता आली की शोध बराच सोपा होतो.

यादीतले शब्द

मराठी वाचकाची एक अडचण इथे स्वतंत्रपणे सांगायला हवी. हे खेळ बहुतेक इंग्रजीत असतात आणि वस्तूंची नावे सुटी, वाक्याविना दिलेली असतात, त्यामुळे दोन अर्थांच्या शब्दांवर माणूस अडखळतो. ‘बो’ म्हणजे धनुष्य असेल किंवा रिबनची फुलासारखी गाठ. ‘सील’ म्हणजे मुद्रा, किंवा समुद्रातला प्राणी. ‘पाम’ म्हणजे ताडाचे झाड, किंवा तळहात. ‘क्रेन’ हा लांब मानेचा पक्षी असू शकतो, ‘नेल’ हा खिळा किंवा नख, ‘स्केल्स’ म्हणजे तराजू किंवा खवले, आणि ‘चेस्ट’ म्हणजे इजिप्तच्या दृश्यात जवळजवळ नेहमी पेटी. ‘डेट्स’ असे दिसल्यावर तारखा शोधू नयेत, खजूर शोधावेत. पाच मिनिटे शोधूनही वस्तू सापडत नसेल, तर आपण वेगळ्याच अर्थाची वस्तू शोधत आहोत का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

इजिप्तच्या वस्तूंची ओळख

सुरुवात ‘आंख’पासून करावी. वरच्या टोकाला अंडाकृती कडी असलेला हा क्रूस प्राचीन इजिप्तमध्ये ‘जीवन’ या अर्थाचे चिन्ह होता. तो किल्लीसारखा दिसतो आणि पुष्कळ खेळांत तसाच कुलपात बसवायलाही लागतो. भिंतीवरच्या देवांच्या हातात आंख रंगवलेला असतोच, पण तो चित्राचा भाग असतो. शोधायचा आंख बहुधा जाड, उठावदार आणि वेगळ्या जागी असतो. ‘जेड’ हा वरच्या बाजूला चार आडव्या पट्ट्या असलेला खांब, ओसायरिस देवाच्या पाठीच्या कण्याचे प्रतीक. खेळात तो हमखास पलंगाच्या किंवा खुर्चीच्या पायात लपवलेला असतो. ‘वास’ हा सरळ उंच दंड, वर प्राण्याचे डोके आणि खाली दोन फाटे.

राजाच्या छातीवर एकमेकांवर आडव्या धरलेल्या दोन वस्तू दिसतात, त्यांतली एक ‘क्रूक’ म्हणजे मेंढपाळाची वाकड्या टोकाची काठी, आणि दुसरी ‘फ्लेल’, म्हणजे मुठीला मण्यांचे तीन सर लोंबणारा दंड. क्रूक दोराच्या वेटोळ्यात किंवा मडक्याच्या कानात लपतो. फ्लेल मात्र मला पहिल्या दिवशी वीस मिनिटे सापडला नव्हता, कारण मी चाबूक शोधत होतो आणि तो झुंबराच्या लोंबत्या मण्यांमध्ये सरळ उभा टांगलेला होता.

‘स्कॅरब’ म्हणजे आपला शेणकिडा. शेणाचा गोळा लोटत नेणाऱ्या या किड्यात इजिप्तच्या लोकांना सूर्याचा गोळा पुढे ढकलणारा खेप्री देव दिसला, म्हणून त्याचे ताईत घडवले गेले. अंडाकृती पाठ, तिच्यावर मधोमध एक उभी रेघ आणि डोक्याकडे एक आडवी रेघ, एवढी खूण लक्षात ठेवली की दगडगोट्यांतूनही तो उठून दिसतो. होरस देवाचा डोळा ओळखायला सोपा आहे : वर भुवई, खाली एक थेंबासारखी रेघ आणि तिच्या शेजारी बाहेर वळत गेलेला गोलावा. ‘सिस्ट्रम’ हे हाथोर देवीच्या पूजेतले खुळखुळ्यासारखे वाद्य. घोड्याच्या नालासारखी चौकट, तिच्यात आडव्या सळया आणि खाली मूठ. ‘कार्टूश’ ही राजाचे नाव वेढणारी लांबट दोरीची चौकट, जिच्या एका टोकाला सरळ पट्टी असते.

सर्वांत जास्त गोंधळ ‘कॅनॉपिक जार’ म्हणजे मृताचे अवयव ठेवण्याच्या बरण्यांवरून होतो, आणि कोड्यांतही त्या सारख्या येतात, म्हणून हे तपशील वहीत लिहूनच ठेवावेत. होरसचे चार पुत्र या बरण्यांचे रक्षक मानले जात. माणसाच्या डोक्याचा इमसेती यकृताचा, वानराच्या डोक्याचा हापी फुप्फुसांचा, कोल्ह्याच्या डोक्याचा दुआमुतेफ जठराचा, आणि ससाण्याच्या डोक्याचा केबेहसेनुएफ आतड्यांचा. हृदय या बरण्यांत ठेवत नसत, ते शरीरातच राहू देत, कारण परलोकात मात देवीच्या पिसाविरुद्ध त्याचे वजन व्हायचे होते. एखाद्या कोड्यात तराजू आणि पीस दिसले, तर दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचे ते यावरून लगेच कळते.

देवांच्या मूर्ती डोक्यावरून ओळखाव्यात. काळा कोल्हा आनुबिस, ससाणा होरस, लांब वाकड्या चोचीचा आयबिस पक्षी थॉथ, मांजर बास्टेत, सिंहीण सेखमेत, मगर सोबेक. यादीत नुसते ‘कोल्हा’ असेल आणि चित्रात दुआमुतेफची बरणीही असेल, तर डोके बरणीचे झाकण आहे की स्वतंत्र मूर्तीचे, ते पाहून क्लिक करावे. मुकुटांचेही तसेच : पांढरा मुकुट वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तचा, उंच सुरईसारखा, लाल मुकुट खालच्या, उत्तरेकडच्या इजिप्तचा, पुढे वळलेली तार असलेला, आणि दोन्ही एकात एक बसवले की एकत्रित राज्याचा दुहेरी मुकुट होतो. काही कोड्यांत हेच दोन तुकडे जोडायचे असतात.

‘उशाब्ती’ या ममीच्या आकाराच्या छोट्या बाहुल्या परलोकात मृताच्या वतीने काम करण्यासाठी ठेवत. तुतनखामेन या राजाच्या थडग्यात त्या ४१३ सापडल्या. ‘दहा उशाब्ती शोधा’ अशी यादी म्हणूनच या खेळांत शोभते. त्या पुष्कळदा निळ्या-हिरव्या फायान्सच्या, म्हणजे चकचकीत लेपाच्या भाजीव पदार्थाच्या असतात, आणि इथे एक उपयोगी गोष्ट सांगतो. थडग्याचे दृश्य पिवळ्या-सोनेरी रंगाने भरलेले असते, त्यात सोन्याची वस्तू हरवते आणि निळी वस्तू उठून दिसते. म्हणून आधी निळ्या-हिरव्या वस्तू उचलून यादी हलकी करावी, मग पांढऱ्या, आणि सोनेरी वस्तूंना शेवटी हात घालावा.

खेळाने रंगवलेला इजिप्त इतिहासाप्रमाणेच असेल असे मात्र धरू नये. एकाच खिडकीतून गिझाचे पिरॅमिड आणि तुतनखामेनचे थडगे दाखवले जाते. प्रत्यक्षात ते थडगे गिझाहून सुमारे पाचशे किलोमीटर दक्षिणेला, लक्सरजवळच्या राजांच्या दरीत आहे, आणि गिझाचा खुफू राजाचा पिरॅमिड तुतनखामेनच्या आधी बाराशेहून अधिक वर्षे बांधला गेला. राजे कालक्रमाने लावायचे कोडे आले तर हा क्रम उपयोगी पडतो : खुफू, हतशेपसुत, अखेनातेन, तुतनखामेन, दुसरा रामसेस आणि सर्वांत शेवटी क्लिओपात्रा.

मधली कोडी

वस्तुशोधाच्या मध्ये दरवाजे, पेट्या आणि शिलालेख उघडण्याची कोडी येतात. चित्रलिपीतले अंक तर या खेळांच्या कुलपांवर फार वेळा येतात. उभी रेघ म्हणजे १, कमानीसारखी खूण १०, दोराचे वेटोळे १००, कमळ १,०००, वाकडे बोट १०,०००, बेडकाचे पिल्लू १,००,०००, आणि दोन्ही हात वर केलेला देव दहा लाख. आपल्या अंकांसारखी स्थानावरून किंमत इथे ठरत नाही. खुणा मोजायच्या आणि बेरीज करायची. दोन वेटोळी, चार कमानी आणि तीन रेघा म्हणजे २४३. ओळ कुठून वाचायची असा प्रश्न पडला तर पक्ष्यांची आणि माणसांची तोंडे पाहावीत : ती ज्या बाजूला वळलेली असतात तिथून ओळ सुरू होते.

बाकीची कोडी कोणत्याही विषयाच्या खेळात येतात. सरकत्या फरशांचे चित्र जुळवताना आधी वरची ओळ पूर्ण करावी, मग डावी उभी ओळ. आरशांवरून सूर्याचा किरण मूर्तीपर्यंत न्यायचा असेल तर मूर्तीपासून उलटे मागे यावे. एक दिवा दाबला की शेजारचेही पेटतात-विझतात, अशा कोड्यात दाबण्याचा क्रम महत्त्वाचा नसतो आणि एकच दिवा दोनदा दाबणे म्हणजे न दाबल्यासारखेच असते; हे कळल्यावर निम्मा त्रास संपतो. लहानमोठ्या चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायच्या असतील तर तीन चकत्यांना किमान ७ आणि चार चकत्यांना १५ चाली लागतात, यावरून आपण भरकटलो की नाही ते समजते. कंटाळा आला तर थोड्या वेळाने ‘स्किप’चे बटण भरते; ते दाबण्यात काहीही कमीपणा नाही.

अडकल्यावर

हिंटचे बटण दाबले की एक वस्तू चमकते आणि मग बटण पुन्हा भरायला अर्धा-एक मिनिट लागते. यादी सुरू होताच हिंट वापरून टाकू नये. शेवटच्या दोन वस्तू उरल्यावर वापरावी, आणि त्यातही ज्या वस्तूचा आकारच ठाऊक नाही तिच्यासाठी राखावी. हिंटने दाखवलेली वस्तू लगेच उचलून मोकळे होऊ नये. तिच्याकडे क्षणभर नीट पाहावे, म्हणजे पुढच्या दृश्यात ती ओळखीची होते. पुष्कळ खेळांत तेच दृश्य नव्या यादीसह पुन्हा येते आणि आधी पाहिलेल्या वस्तू जागच्या जागी असतात, त्यामुळे हे पाहणे वाया जात नाही.

वस्तुशोध संपूनही कथा पुढे सरकत नसेल, तर कारण बहुधा तिघांपैकी एक असते : खालच्या पट्टीतली एखादी वस्तू वापरायची राहिली आहे, एखाद्या भिंगाच्या जागी आपण पाहिलेच नाही, किंवा पात्रांचे संवाद घाईने पुढे ढकलताना त्यातली खूण निसटली आहे. खेळातली डायरी उघडून शेवटची दोन पाने वाचावीत, नकाशावर कुठे चिन्ह दिसते का ते पाहावे, आणि हाती असलेली प्रत्येक वस्तू शेवटच्या दोन-तीन दालनांत वापरून बघावी.

एक कागदी वही जवळ ठेवायचा सल्ला मी प्रत्येक नवख्याला देतो, आणि त्यामागे पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांचे उदाहरण आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये त्यांना तुतनखामेनचे थडगे सापडले, तेव्हा पहिल्या दालनात रथांचे सुटे भाग, प्राण्यांच्या आकाराचे पलंग, पेट्या आणि अन्नाचे डबे एकमेकांवर रचलेले होते. एक वस्तू काढताना दुसरी कोसळेल अशी अवस्था. त्यांनी जागेवरच वस्तूंना क्रमांकाची पाटी लावली, हॅरी बर्टन यांच्याकडून छायाचित्रे काढून घेतली, आणि नोंद झाल्यावरच वस्तू हलवली. पाच हजारांहून अधिक वस्तू अशा रीतीने बाहेर काढायला सुमारे दहा वर्षे लागली. आपल्या वहीत एवढे पुरते : दालनाचे नाव, तिथे दिसलेले कुलूप किंवा रिकामी खाच, आणि तिचा आकार. ‘बागेतला हौद, शेणकिड्याच्या आकाराची खाच’ अशी एक ओळ लिहिलेली असली, की दोन दिवसांनी दुसऱ्या टोकाच्या दालनात स्कॅरब हाती येतो तेव्हा तो कुठे न्यायचा ते शोधत सगळा राजवाडा पालथा घालावा लागत नाही. खेळ बंद करताना मुख्य मेनूवर परत जाऊन बाहेर पडावे, म्हणजे प्रगती सेव्ह होते, आणि वहीत शेवटी कोणत्या दालनात होतो ते लिहावे. दुसऱ्या दिवशी आधी ती ओळ वाचून मग दृश्य उघडावे.